ट्रेलरची चाकं गाडीच्या चाकांशी जुळवावीत का? (प्राडो १५० आणि जुना कॅम्पर ट्रेलर)

मुळामुठा_ते_मेलबर्न

नमस्कार मंडळी. वाहनविश्वातल्या जाणकारांना एक प्रश्न.

आमच्याकडे २०१६ची प्राडो १५० आहे. १७ इंची मूळ अलॉय रिम, टायर २६५/६५ आर१७. तिच्यामागे ओढायला एक जुना, एका धुऱ्याचा कॅम्पर ट्रेलर घेतला आहे. एटीएम (सामानासकट ट्रेलरचं कमाल वजन) १५०० किलो, ४५ मिमीचा चौकोनी धुरा, १० इंची इलेक्ट्रिक ड्रम ब्रेक, १४ इंची लोखंडी रिम, टायर १८५ आर१४सी, पाच स्टड (चाक आवळायचे आटेवाले दांडे). पुढच्या कोरड्या मोसमात मुलांना घेऊन वायव्य ऑस्ट्रेलियातल्या किंबर्ली भागातला गिब रिव्हर रोड करायचा विचार आहे. डर्बी ते कुनुनुरा, साधारण ६६० किमी, बराचसा कच्चा.

ट्रेलर विकणारे गृहस्थ म्हणाले, "सहा स्टडचे लॅंडक्रूझर पॅटर्नचे हब टाक, गाडीचीच चाकं बसतील, एका स्टेपनीवर दोन्हीचं भागेल." ऐकायला छान वाटतं. पण खरंच हब (धुऱ्याच्या टोकावरचा, चाक ज्यावर बसतं तो फिरता भाग) बदलले की काम झालं? आणि एवढा खटाटोप करण्यासारखा आहे का? ज्यांनी केलंय आणि ज्यांनी मुद्दाम केलं नाही, अशा दोघांचंही ऐकायचंय.

---

घाटवाट

पर्थहून लिहितोय. कराच. माझा ट्रेलर आणि हायलक्स एकाच चाकांवर चालतात आणि आता मी उलट जाणार नाही.

लोक म्हणतात "एक स्टेपनी कमी न्यावी लागते". तो फायदा मी धरतच नाही. स्टेपन्या दोनच न्यायच्या, एक गाडीखाली, एक ट्रेलरच्या ड्रॉबारवर (पुढच्या ओढदांड्यावर). फायदा हा, की सहा चाकांपैकी कुठल्याही चाकाला दोन्हीपैकी कुठलीही स्टेपनी लागते. गिबवरचे दगड टोकदार असतात. तिथे टायरला नुसतं भोक पडून थांबत नाही, बाजूची भिंतच कापली जाते, मग पंक्चरची वात घालून उपयोग नाही. गाडीचे दोन टायर लागोपाठ गेले आणि दुसरी स्टेपनी १४ इंची निघाली, तर ती बघत बसायची.

---

चहाटपरी

म्हणजे ट्रेलर मुळात स्टेपनी वाहून न्यायलाच घ्यायचा, तंबू-बिंबू वरकड!

---

मीनल_ब्रिस्बेन

मी विरोधी पक्ष. आम्ही फोर्ड रेंजरमागे कॅम्पर ओढतो, चाकं मुद्दाम वेगळी ठेवली आहेत.

पहिलं कारण: गाडी पाच-सात वर्षांनी बदलते, ट्रेलर पंधरा-वीस वर्षं राहतो. आज कुठल्या गाडीशी जुळवणार? २०० सिरीजच्या लॅंडक्रूझरला पाच स्टड, ते ज्या वर्तुळावर बसतात ते १५० मिमीचं. ज्यांनी ट्रेलर तिच्याशी जुळवले, त्यांनी नंतर ३०० सिरीज घेतली तर तिला सहा स्टड, १३९.७. सगळं पुन्हा पहिल्यापासून.

दुसरं: "सहा स्टड" ऐकून लोक निर्धास्त होतात. निसान नवारालाही सहा स्टडच आहेत, पण वर्तुळ ११४.३चं. आणि वर्तुळ जुळलं तरी मधलं भोक जुळेल असं नाही. हायलक्स-प्राडोच्या रिमचं भोक १०६ मिमीचं, आमच्या रेंजरचं ९३, पजेरो-ट्रायटनचं ६७. मोठ्या भोकाची रिम लहान हबवर चढते, उलट होत नाही. हायलक्सवाल्या शेजाऱ्याची रिम मला उसनी घेता येईल, माझी त्याच्या कामाची नाही.

तिसरं: खर्च. १४ इंची सी टायर आणि १७ इंची ऑल-टेरेन टायर यांच्या किमतीत किती फरक आहे ते कुठल्याही दुकानात विचारा.

---

नट_बोल्ट

चिंचवडहून. नोकरी सगळी बेअरिंगच्या कारखान्यात गेली, आता निवृत्त. ऑस्ट्रेलियात मुलाकडे येऊन-जाऊन असतो, तिथे त्याच्या ट्रेलरचे हब मी स्वतः भरतो.

मेलबर्नकर, "हब टाकले की झालं" हे अर्धं खरं आहे. तुमचा ४५ मिमीचा धुरा असेल तर बहुधा त्यावर तिथे ज्याला फोर्ड एसएल म्हणतात ती बेअरिंग असतील. आतलं एल६८१४९, बाहेरचं एलएम१२७४९. याच बेअरिंगचे पाच स्टडचे आणि सहा स्टडचे, दोन्ही ड्रम-हब मिळतात. स्टब (धुऱ्याचं टोक) तोच, सील तेच, फक्त ड्रम बदलायचा. हलक्या धुऱ्यांवर होल्डन एलएम नावाची जोडी असते, एलएम६७०४८ आणि एलएम११९४९, ती साधारण एक टनाच्या धुऱ्यापर्यंत. तेव्हा आधी टोपी काढून बेअरिंगवरचा नंबर वाचा. तो कोनवर (आतल्या, रोलरवाल्या भागावर) कोरलेला असतो. कपचा (बाहेरच्या कड्याचा) नंबर वेगळा असतो, एल६८१४९ला एल६८११०. दोन्ही मिळून एक बेअरिंग. हे इंचाच्या मापाचे जुने, जगभर चालणारे नंबर आहेत, कंपनी कुठलीही असो, नंबर तोच तर माप तेच.

आता पुढचं. चाक हबवर बसणं वेगळं आणि ते ट्रेलरखाली मावणं वेगळं. ही मापं घ्या:

स्टडचं वर्तुळ. सहा स्टड असतील तर समोरासमोरच्या दोन स्टडच्या मध्यापासून मध्यापर्यंत, सोपं. पाच असतील तर समोर स्टडच नसतो, म्हणून शेजारच्या दोन स्टडमधलं अंतर मोजून त्याला १.७०१ने गुणायचं. तुमच्याकडे ते ६७.२ मिमी आलं की ११४.३चं वर्तुळ समजा.

मधलं भोक. मीनलताईंनी सांगितलं त्यात एक भर. टोयोटाच्या अलॉय रिमला जे नट येतात त्यांना गोल दांडी आणि चपटी वॉशर असते. ते कोनाकृती नटासारखे रिमला आपोआप मध्यावर ओढत नाहीत. गाडीवर रिम मध्यावर राहते ती मुख्यतः हबच्या १०६च्या उंचवट्यामुळे. ट्रेलरच्या हबवर तो उंचवटा लहान असेल तर रिम एका बाजूला झुकून घट्ट होऊ शकते, मग चाक थरथरतं आणि स्टडवर नको तो भार येतो. उंचवटा मोजा. कमी असेल तर लेथवर कडं करून घ्या.

स्टडचा आटा. प्राडोला एम१२, आट्याचं अंतर १.५. ट्रेलरच्या हबला बऱ्याचदा अर्ध्या इंचाचे, इंचाला २० आट्यांचे स्टड येतात. डोळ्यांना सारखेच दिसतात. प्राडोचा नट त्यावर जाणार नाही, आणि कुणी पान्याच्या जोरावर घुसवला तर दोन्ही खराब. हब घेतानाच एम१२ स्टडचा मागा.

ऑफसेट. इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. प्राडोच्या १७ इंची मूळ रिमचा ऑफसेट साधारण +२५ असतो. रिमच्या आतल्या बाजूला ईटी म्हणून कोरलेला दिसेल, तोच धरा. म्हणजे टायरचा मध्य हबच्या तोंडापासून २५ मिमी आत. तुमच्या १४ इंचीचा बहुधा शून्याच्या आसपास. दोन गोष्टी मोजून इथे लिहा: एका हबच्या तोंडापासून दुसऱ्या हबच्या तोंडापर्यंतचं अंतर, आणि हबच्या तोंडापासून पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) बाहेरच्या कडेपर्यंतचं.

---

टेक्सासकर

नट_बोल्ट काका, दंडवत! हे छापून गॅरेजच्या भिंतीला लावतो.

अमेरिकेतली पद्धत थोडी सांगतो. इथे ३५०० पौंडांचा, म्हणजे साधारण १५९० किलोचा धुरा हा सर्रास मिळणारा प्रकार. त्याला सहसा पाच स्टड, ११४.३. पण त्याच स्टबवर बसणारे १२७ किंवा १३९.७ वर्तुळाचे हबही दुकानात सहज मिळतात. म्हणून रँग्लरवाले १२७चे हब लावतात आणि जीपची जुनी चाकं ट्रेलरला देतात. स्टड मात्र अर्धा इंचीच राहतात.

पण माझा अनुभव असा, की लांबच्या प्रवासात टायरपेक्षा बेअरिंग जास्त वेळा रडवतं. म्हणून मी एक पूर्ण हब, बेअरिंग ग्रीसने भरून, सील बसवून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून बरोबर ठेवतो. रस्त्याच्या कडेला कप ठोकून काढत बसण्यापेक्षा जुना हब उतरवायचा, हा चढवायचा, नट आवळून पिन घालायची. तुम्ही सहा स्टडचे हब केलेत तर हा सुटा हबही सहा स्टडचाच घ्या.

---

जीपवेडा

नाशिकहून. विषय जुन्या जीपकडे न्यायचा मोह आवरत नाही.

गाडी आणि ट्रेलर एकाच चाकांवर, ही कल्पना दुसऱ्या महायुद्धातल्या पाव टनी जीप ट्रेलरमध्ये अगदी स्वच्छ दिसते. बॅंटम कंपनीने जीपसाठी बनवलेल्या टी-३ ट्रेलरला जीपचीच ६.०० x १६ची चाकं होती, पाच स्टड, साडेपाच इंचाचं वर्तुळ. लष्कराला एकाच मापाचे टायर पुरवायचे, आघाडीवर कुणाचंही चाक कुणालाही लागायला हवं. तेच साडेपाच इंच म्हणजे आपले १३९.७ मिमी. मारुती जिप्सीलाही पाच स्टड १३९.७, आणि आताच्या जिम्नीलाही. जिप्सीवाल्या मित्रांना मी कायम सांगतो, ट्रेलर करायचाच असेल तर याच पॅटर्नमध्ये करा.

मेलबर्नकर, तुमचे सहा स्टड आणि आमचे पाच, वर्तुळ मात्र एकच. त्यामुळे नुसता "१३९.७चा हब द्या" असं सांगून मागवू नका, स्टड किती तेही सांगा.

---

कृष्णाकाठ

मी कराडकडचा. ट्रेलर म्हटलं की आमच्याकडं उसाची ट्रॉली. ट्रॅक्टरचं मागचं चाक माणसाच्या छातीएवढं, पुढचं बारकं, ट्रॉलीला ट्रकचे टायर. ट्रॅक्टरशी जुळवायचा प्रश्नच येत नाही बघा. पण एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या असत्यात, त्या दोन्ही ट्रॉल्यांचे टायर, डिस्क, हब एकाच मापाचे ठेवायचे हे पक्कं. आणि शेजारच्या टोळीचं माप तेच असलं तर अजून बरं. हंगामात रात्री दोन वाजता कारखान्याच्या रस्त्यावर टायर बसला तर ज्याची ट्रॉली मागनं येतीय त्याचीच स्टेपनी मागतो माणूस.

म्हणून माझं म्हणणं, तुमच्या गाडीला काय आहे यापेक्षा त्या रस्त्यावर लोकांच्या गाडीला काय आहे ते बघा. वाटेतल्या दुकानात जे मिळतं तेच माप घाला.

---

घाटवाट

कृष्णाकाठ, लाख बोललात. आणि ते इथे लागू पडतं. गिबच्या आसपास निम्म्या गाड्या हायलक्स, प्राडो नाहीतर लॅंडक्रूझर. २६५/६५ आर१७ किंवा १६ इंची माप रोडहाउसवर विचारलं तर मिळण्याची आशा असते. १८५ आर१४सी शहरात हवे तेवढे, किंबर्लीत शोधत फिरावं लागेल.

---

मीनल_ब्रिस्बेन

हा मुद्दा मला मान्य. आमचं फिरणं क्वीन्सलंडच्या किनाऱ्यालगत, तिथे १४ इंची टायर गावोगावी मिळतो. किंबर्लीला जायचं असतं तर मीही पुन्हा विचार केला असता.

पण ब्रेकचं कुणीच बोललं नाही. मोठं चाक लावलं की तोच ड्रम कमी पकडतो. ड्रमचा पीळ तेवढाच राहतो आणि चाकाची त्रिज्या वाढते. १८५ आर१४चा व्यास साधारण ६५० मिमी, २६५/६५ आर१७चा ७७६. जमिनीवर मिळणारा ब्रेकचा जोर सुमारे १६ टक्क्यांनी कमी होतो. १५०० किलोच्या ट्रेलरला हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही, उतारावर मुलं गाडीत असताना तर नाहीच. ऑस्ट्रेलियात चाकांवरचा भार ७५० किलोच्या वर गेला की ब्रेक सक्तीचे, २००० किलोच्या वर सगळ्या चाकांना ब्रेक आणि ट्रेलर सुटला तर आपोआप लागणारी यंत्रणा. तुम्ही मधल्या गटात येता.

---

नट_बोल्ट

मीनलताईंचा हिशेब बरोबर आहे. उपायही त्यातच आहे. १२ इंची ड्रम १४ इंची रिममध्ये मावत नाही, त्याला १५ किंवा त्याहून मोठी रिम लागते. १७ची रिम येणार असेल तर १२चे ड्रम घालायची वाट मोकळी होते. फक्त मागची ब्रेक प्लेटही १२ची घ्यावी लागेल आणि धुऱ्यावर ती बसवायचा फ्लॅंज जुळतो का हे बघावं लागेल.

---

मुळामुठा_ते_मेलबर्न

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी ट्रेलर घोड्यांवर (लोखंडी स्टॅंडवर) चढवून मापं घेतली.

बेअरिंग: एल६८१४९ आणि एलएम१२७४९. काकांचा अंदाज अचूक.
हबच्या तोंडापासून तोंडापर्यंत: १५०० मिमी.
हबच्या तोंडापासून पाट्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत: १३० मिमी.
१४ इंची रिमचा ऑफसेट: शून्य.
प्राडोच्या रिमवर +२५ कोरलेलं आहे.

याचा अर्थ काय होतो?

---

नट_बोल्ट

याचा अर्थ नुसते हब बदलून काम होणार नाही.

आता तुमचा टायर १८५ रुंद, ऑफसेट शून्य. म्हणजे टायरची आतली कड हबच्या तोंडापासून ९२.५ मिमी आत. पाट्यापर्यंत १३०, मध्ये जवळपास ३७ मिमी मोकळे. प्राडोचं चाक लावलं की टायरचा मध्य २५ आत जाणार, त्यात अर्धी रुंदी १३२.५. आतली कड १५७.५ मिमीवर. पाटा १३०वर आहे. टायर पाट्यात साडेसत्तावीस मिमी घुसायला बघतोय, आणि टायरचा फुगवटा मी धरलेलाच नाही.

स्पेसर (हब आणि रिममध्ये घालायची जाड चकती) लावून बाहेर ढकलता येईल असं कुणीतरी सुचवेल. कच्च्या रस्त्यावर, भरलेल्या ट्रेलरला मी ते करणार नाही. अजून एक जोड, अजून सहा नट, सैल व्हायला अजून एक जागा.

योग्य काम म्हणजे नवा, लांब धुरा. प्राडो १५०चा ट्रॅक (डाव्या-उजव्या टायरच्या मध्यांमधलं अंतर) पुढे-मागे १५८५ मिमी आहे. ट्रेलरचाही तेवढाच ठेवायचा तर हबच्या तोंडापासून तोंडापर्यंत १५८५ अधिक दोन वेळा २५, म्हणजे १६३५. आताच्यापेक्षा १३५ने जास्त, प्रत्येक बाजूला साडेसदुसष्ट. मग पाटा हबच्या तोंडापासून १९७.५वर जातो आणि टायरची आतली कड १५७.५वर. ४० मिमी मोकळे. टायरच्या बाहेरच्या कडांमधली रुंदी १८५० होईल, अडीच मीटरच्या मर्यादेच्या खूप आत. मडगार्ड मात्र बदलावे लागतील, टायर व्यासाने १२६ मिमी मोठा आहे आणि पाटा पूर्ण दबल्यावरही वर जागा हवी.

ट्रेलर ६३ मिमी उंच होईल. ओढताना आडवा, पातळीत राहायला हवा, नाक वर किंवा खाली नको. ट्रेलर अडकवायच्या गाडीच्या बॉलची उंची त्याप्रमाणे बदला.

---

अनु_अॅडलेड

ट्रॅक इतका काटेकोर जुळवायलाच हवा का? आमची ७९ सिरीज लॅंडक्रूझर आहे. तिचा मागचाच ट्रॅक पुढच्यापेक्षा ९५ मिमी अरुंद आहे! गाडीच गाडीच्या मागोमाग नीट चालत नाही, तर ट्रेलरचं काय घेऊन बसलात.

---

घाटवाट

अनु, आणि म्हणूनच ७९वाले मागचा ट्रॅक दुरुस्त करणारे धुरे शोधत असतात ना. :)

वाळूत फरक जाणवतो. पुढच्या चाकांनी दाबलेल्या चाकोरीतून मागची चाकं गेली तर कमी ओढ लागते, ट्रेलर नवी चाकोरी कापत आला की इंजिन हाफायला लागतं. पक्क्या मुरमाड रस्त्यावर काही बिघडत नाही. मेलबर्नकर नवा धुरा करून घेणारच असतील तर माप बरोबर घ्यायला वेगळे पैसे पडत नाहीत, एवढंच.

---

टेक्सासकर

टायरच्या प्रकाराबद्दल. अमेरिकेत ट्रेलरसाठी एसटी (स्पेशल ट्रेलर) नावाचे खास टायर येतात, त्यामुळे गाडीचे टायर ट्रेलरला लावायचे का यावर इकडे भांडणं होतात. मी जीपचेच एलटी (लाइट ट्रक) टायर लावतो. भारांक (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) वाचायचा, बस. मेलबर्नकर, तुमच्या टायरवर ११२ असेल तर एक टायर ११२० किलो पेलतो, दोन मिळून २२४०. तुमच्या ट्रेलरला भरपूर. पण हवा गाडीइतकी भरू नका, एका टायरवर सातशे किलोच्या आसपासच भार येणार. टणक टायरवर ट्रेलर उड्या मारतो आणि आतली भांडी, कपाटं, वेल्डिंग सगळं खिळखिळं होतं.

---

चहाटपरी

आणि सौभाग्यवतींचा पोह्यांचा डबा उघडतो. मग पुढचे शंभर किलोमीटर भारांक वेगळाच असतो.

---

मुळामुठा_ते_मेलबर्न

:D डबा दोऱ्याने बांधून नेईन.

एक शंका. प्राडो कायम चारही चाकांवर चालते. ट्रेलरवरचा कमी झिजलेला टायर गाडीला लावला तर मधल्या डिफरन्शियलला त्रास होईल का?

---

घाटवाट

थोडा हिशेब करू. नव्या टायरची नक्षी समजा ८ मिमी, झिजलेल्याची ३. व्यासात फरक १० मिमी. ७७६वर तो सव्वा टक्क्याच्या आसपास. तात्पुरतं चालेल. पण हजारो किलोमीटर नको. मी आठही चाकं एकाच वेळी, एकाच कंपनीची आणि नक्षीची घेतो आणि गाडी, ट्रेलर, स्टेपन्या अशी फिरवत राहतो. सगळी बरोबर झिजतात.

यात अजून एक मोठा फायदा आहे. ट्रेलरचे टायर झिजून संपत नाहीत, वयाने संपतात. वर्षातले दहा महिने उन्हात उभे, नक्षी नवी कोरी आणि भिंतींना तडे. फिरवत राहिलं की कुठलाच टायर म्हातारा होऊन वाया जात नाही. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात, ३२२१ म्हणजे २०२१चा ३२वा आठवडा. मीनल, तू खर्चाचं म्हणालीस, तो हिशेब मी असा भरून काढतो.

---

मीनल_ब्रिस्बेन

हे पटलं. आमच्या १४ इंची टायरवरचे आकडे आजच वाचून येते.

रिमसाठी एक सुचवते. नवी गाडी घेतल्यावर लगेच मूळ रिम काढून दुसऱ्या लावणारे पुष्कळ लोक आहेत. त्यांच्या मूळ प्राडो रिम्स जुन्या बाजारात स्वस्तात मिळतात. त्याच घ्या. रिम एकच, ऑफसेट एकच, भोक एकच, नट एकच.

---

नट_बोल्ट

उत्तम सल्ला. ट्रेलरला लोखंडी रिम आणि गाडीला अलॉय असं केलं तर नट दोन प्रकारचे बाळगावे लागतात. लोखंडीला कोनाकृती, टोयोटाच्या अलॉयला दांडीचे. कोनाकृती नट त्या अलॉयच्या सरळ भोकात आवळला तर आवळल्यासारखा वाटतो आणि नंतर सैल होतो.

स्टडची लांबीही बघा. नट बसल्यावर स्टडच्या जाडीएवढा तरी आटा आत गुंतायला हवा. एम१२वर तो आठ फेरे होतो. हाताने मोजत फिरवा, आठाच्या आत घट्ट झाला तर स्टड आखूड आहेत.

---

मुळामुठा_ते_मेलबर्न

ठरलं. नवा ४५ मिमीचा धुरा, हबच्या तोंडापासून तोंडापर्यंत १६३५, त्याच एल६८१४९-एलएम१२७४९ बेअरिंगवर. सहा स्टड, १३९.७, एम१२चे स्टड. १२ इंची इलेक्ट्रिक ब्रेक. याच मापाचा धुरा करून देणारी एक कार्यशाळा मिळाली आहे, हबचा उंचवटा १०६ला जुळवून कडं करून द्यायला तयार आहेत. रिम्स मीनलताईंच्या मार्गाने शोधतोय. मडगार्ड स्वतः करणार.

जुन्या १४ इंची चाकांचं आणि धुऱ्याचं काय करू?

---

कृष्णाकाठ

इकडं असता तर तासाभरात गिऱ्हाईक आलं असतं. पाण्याच्या टाकीला, फवारणीच्या गाड्याला, कशालाही लागतंय.

---

अनु_अॅडलेड

इथेही लागतं. शेतावरच्या फायर-फायटिंग ट्रेलरला लोक शोधत असतात. माझ्या ओळखीत एक आहेत, व्यक्तिगत निरोप करते.

---

जीपवेडा

धुऱ्याची ऑर्डर देताना कागदावर "हबच्या तोंडापासून तोंडापर्यंत" असंच लिहून चित्र काढून द्या. कुणी ट्रॅक मोजतं, कुणी पाट्याच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजतं. पाट्यांचं अंतरही वेगळं लिहा, त्यांना पाट्याचे पॅड तिथेच वेल्ड करावे लागतील.

---

नट_बोल्ट

आणि धुरा आल्यावर हे करा. बेअरिंग बसवताना चाक फिरवत फिरवत नट आवळा, म्हणजे रोलर जागेवर बसतात, मग नट थोडा मागे घेऊन पिन घाला. चाक वर-खाली हलवलं तर जेमतेम जाणवेल इतकाच ढिलेपणा ठेवा. टेपर बेअरिंग ट्रेलरवर करकचून आवळलं तर गरम होऊन जळतं. ग्रीस रोलरच्या मधोमध हाताच्या तळव्याने दाबून भरायचं, नुसतं वरून फासायचं नाही. वर्षातून एकदा किंवा १०,००० किमीनंतर उघडून बघा. नदी-नाल्यातून गेलात तर त्याआधीच, कारण गरम हब थंड पाण्यात गेला की आतली हवा आकुंचते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं.

निघायच्या आधी आठही चाकं गाडीवर आणि ट्रेलरवर, दोन्हीकडे एकदा प्रत्यक्ष चढवून बघा. नट हाताने पूर्ण जातात का, ड्रमला रिम घासते का, कडं अडतं का. नट टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्याला. पहिल्या ५० ते १०० किमीनंतर थांबून पुन्हा एकदा.

---

घाटवाट

कुनुनुराहून पर्थला यायचा बेत असेल तर कळवा. घरामागे ट्रेलर लावायला जागा आहे, आणि सौ. पुरणपोळ्या करतील.

---

चहाटपरी

पुरणपोळ्या असतील तर मीही ट्रेलर घेतो. किती स्टडचा लागतो?

---

घाटवाट

सहा, १३९.७, एम१२. रिकाम्या हातानेही चालेल.